पाड्यावरची पहिली विश्वासणारी

लग्न होऊन मी सातपूरला आले तेव्हा प्रार्थना कशी करावी हे मला कुणी शिकवायची गरज आहे असं मला अजिबात वाटत नव्हतं. माझं माहेर देवळाली कॅम्पातलं. वडील लष्कराच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला. घरात सकाळ-संध्याकाळ कौटुंबिक उपासना, रविवारी इस्त्रीचे कपडे घालून चर्च. आमच्या चर्चमधले बाक पॉलिश केलेले, पेटी वाजवणाऱ्या बाईंचा सूर कधी चुकत नसे, आणि कुणाला खोकला आला तर तो रुमाल तोंडाशी धरून बाहेर जात असे. शब्बाथशाळेच्या परीक्षेत दरवर्षी पहिलं बक्षीस माझं. शास्त्रातला कुठलाही उतारा काढून द्या, मी अडखळल्याशिवाय वाचून दाखवीन, अशी माझी ख्याती होती, आणि ती मला फार आवडायची.

सातपूरचं सासर म्हणजे कामगार वसाहतीतल्या दोन खोल्या. सासरे कारखान्यात टर्नर, नवराही तिथंच, दोघांच्या पाळ्या वेगवेगळ्या. पाळ्यांमुळे वसाहतीतल्या ख्रिस्ती कुटुंबांना रविवारी एकत्र येणं जमायचं नाही, म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थनासभा भरायची. पलंग उभा करून भिंतीला लावायचा, सतरंजी अंथरायची, आणि मग पंधरा-वीस माणसं आत मावायची. काही जण कारखान्यातून थेट आलेले, हाताला ऑइलचा वास. बायका मांडीवर पोरं घेऊन बसायच्या. एक जण तर निवडायची मेथी घेऊन यायची, गाणी होईपर्यंत तिची जुडी निवडून झालेली असे. प्रार्थना सुरू झाली की सगळे एकदम मोठ्यानं बोलायचे, आणि माझं डोकं भणाणून जायचं.

“एवढा गोंधळ रोजचाच असतो का?” मी पहिल्याच गुरुवारी सासूबाईंना विचारलं होतं.

“रोजचा कुठं, गुरुवारचाच,” त्या म्हणाल्या आणि चहाचं आधण वाढवायला निघून गेल्या.

त्या हिवाळ्यात सासऱ्यांनी ठरवलं की शास्त्रातला पहिल्या विश्वासणाऱ्यांचा वृत्तान्त सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायचा. आमचा गट लहान होत चालला होता. दोन कुटुंबं वसाहत सोडून गेली होती, काही जणांचा उत्साह ओसरला होता. सासरे म्हणाले, “पहिली मंडळीसुद्धा घरांतच जमायची. त्यांच्याकडे ना चर्च होतं, ना पेटी. त्यांनी कसं निभावलं ते एकदा नीट बघू तरी.” वाचनाचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी ते स्वच्छ, ठाशीव आवाजात करत असे. लोक ऐकत असत. काही जण पेंगतही असत, पण तो मला त्यांचा दोष वाटे.

सासूबाई दर बुधवारी सरकारी दवाखान्यात जायच्या. ओळखीचं कुणी नसलेल्या पेशंटांपाशी बसायचं, पेज न्यायची, हवी असेल तर प्रार्थना करायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. एका बुधवारी बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांना एक बाई भेटल्या. सुनेच्या बाळंतपणासाठी आलेल्या, पेठकडच्या डोंगरातल्या. पन्नाशीच्या आसपासच्या, सडसडीत, गुडघ्यापर्यंत लुगडं, आणि हसल्या की सगळा चेहरा हसणाऱ्या. सासूबाईंनी विचारलं, “तुमच्या सुनेसाठी प्रभूकडे मागू का?” तर त्या म्हणाल्या, “माग ना बाय. मी बी त्याचीच हाय.”

सासूबाई चकित झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं की बाई आणि त्यांचे यजमान भात काढून झाला की दरवर्षी गंगापूर गावाकडच्या एका द्राक्षमळ्यावर कामाला येतात, आणि गुरुवारी मळ्यावर बाजारासाठी अर्ध्या दिवसाची सुट्टी असते. पुढच्याच गुरुवारी त्या आमच्या दारात उभ्या होत्या. मळ्यापासून तासभर चालत आल्या होत्या. बरोबर यजमान होते, पण ते आत येईनात. पायरीवर बसले.

“आत या ना, मामा,” मी म्हटलं.

“नको. ती तुमच्यातली, मी नाय,” ते म्हणाले. “मी हितं बसून ऐकतो. मधी दार उघडंच हाय.”

त्या दिवशी वाचन होण्याआधी सासूबाईंनी मावशींना आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला सांगितलं. आम्ही सगळे त्यांना मावशीच म्हणू लागलो. मावशी उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, आणि जे सांगितलं त्यानं सतरंजीवरची चुळबुळ थांबली.

त्यांच्या पाड्यावर अकरा वर्षांपूर्वी तापाची साथ आली होती. दूरच्या दवाखान्यातली एक नर्स येऊन दोन आठवडे राहिली. दिवसभर औषधं द्यायची आणि संध्याकाळी ओसरीवर प्रभूच्या गोष्टी सांगायची. मावशींसह तीन बायकांनी ऐकल्या, मनाशी धरल्या. नर्स निघून गेली, ती परत आलीच नाही. हळूहळू बाकीच्या दोघींनीही सोडून दिलं. उरल्या एकट्या मावशी. अकरा वर्षं ना चर्च, ना पाळक, ना वाचता येत होतं. नर्सनं सांगितलेल्यांपैकी तीन गोष्टी तेवढ्या लक्षात राहिल्या होत्या. रोज सकाळी नाचणी दळताना त्या तिन्ही गोष्टी स्वतःलाच सांगायच्या, आणि मग स्वतःच रचलेलं एक गाणं म्हणायच्या.

“मग लोकांनी त्रास दिला असेल,” सासरे म्हणाले. “वाळीत टाकलं का?”

“नाय रं दादा. हसत व्हते. हसण्यानं काय मरतं का मानूस? मी बी हसत व्हते त्यांच्यासंगती. लावणीला बोलावलं की जात व्हते, आजारी पडलं की बघत व्हते.”

मग त्यांनी त्या तीन गोष्टी सांगितल्या. अकरा वर्षांत गोष्टींनी पाड्याचं रूप घेतलं होतं. तळ्यातल्या वादळाच्या गोष्टीत प्रभू होडीत झोपले होते ते भाताच्या पेंढ्यावर. हरवलेलं मेंढरू करवंदीच्या जाळीत अडकलं होतं. आणि पाच भाकरींच्या गोष्टीत भाकरी नाचणीच्या होत्या, “म्हणून तर पुरल्या.” मला हसू आवरेना. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी माझा हात दाबला. मी पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तीन गोष्टींवर अकरा वर्षं, हे त्यांना ऐकू आलं होतं. मला फक्त पेंढा ऐकू आला होता.

पुढच्या गुरुवारी मी नेहमीप्रमाणे वाचायला बसले. उतारा होता तुरुंगातून सुटून आलेल्या एका प्रेषिताचा. मंडळी एका घरात जमून त्याच्याच सुटकेसाठी प्रार्थना करत असते, आणि तो येऊन दार ठोठावतो. दासी दाराशी येते, त्याचा आवाज ओळखते, आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळत सुटते. आतली माणसं म्हणतात, तुला वेड लागलंय. तो बिचारा बाहेर ठोठावतोच आहे.

मी हे कित्येकदा वाचलं होतं, परीक्षेत उत्तरही लिहिलं होतं. पण मी तिथवर पोचले आणि मावशी ओरडल्या, “अगं येडे, दार उघड ना आधी!”

सगळी खोली हसत सुटली. मावशी स्वतः इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पायरीवरून मामांचा आवाज आला, “उघडलं का नाय अजून?” मेथीवाल्या बाईंची मेथी मांडीवरून सांडली. सासरे चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, “बघा, मागत होते त्याच्याचसाठी, आणि मिळालं तर कुणाचा विश्वासच बसेना!” हसू ओसरल्यावर कुणीतरी सावकाश म्हणालं, “आपलंपण असंच असतं.” त्या संध्याकाळी कुणी पेंगलं नाही. मला पहिल्यांदाच उमगलं की ती सगळी खरी माणसं होती. घाबरणारी, घाईघाईत चुकणारी, एकमेकांना वेड्यात काढणारी. आणि तरी टिकलेली.

सभा संपल्यावर मावशी माझ्यापाशी आल्या. “पोरी, मला वाचाया शिकव.”

मी चाचरले. “मावशी, या वयात...”

“तू येनार नायस पाड्यावर. ती नर्स बी आली नाय. मंग मलाच वाचाया पायजे का नको?”

मी नकार देणार होते, पण सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, “शिकवेल. पुढच्या गुरुवारपासून तासभर लवकर या.” प्रश्न मिटला.

मी पाटी आणली, पेन्सिल आणली. मी शिकवणारी म्हणून कडक होते. मावशी शिकणाऱ्या म्हणून भलत्याच आनंदी. ‘भ’ त्यांनी भातासाठी शिकला, ‘न’ नाचणीसाठी, ‘द’ द्राक्षांसाठी. काढायला सांगितलेलं अक्षर सुंदर यायचं. द्राक्षाच्या घडातले मणी कात्रीनं नेमके विरळ करणारा हात होता तो. पण वाचताना सगळा घोटाळा. ‘म’चा ‘भ’ व्हायचा, ‘घ’चा ‘ध’. आज आलेलं पुढच्या गुरुवारी पुसलेलं. दोन महिने असे गेले. जोडाक्षरं दाखवली तेव्हा त्या हैराण होऊन म्हणाल्या, “ही दोन अक्षरं एकमेकाच्या मांडीवर का बसल्यात? जागा नाय व्हय पाटीवर?” मला हसायला हवं होतं. मी चिडले. एका गुरुवारी ‘विश्वास’ हा शब्द त्यांनी पाचव्यांदा चुकवला आणि मी पाटी खाली आपटून म्हटलं, “मावशी, तुमचं लक्षच नाही. लक्ष नसेल तर कशाला एवढं चालत येता?”

मावशी वाकल्या. पाटी उचलली, आणि पुन्हा बघू लागल्या. हात लांब करून, मान मागं नेऊन, भुवया आक्रसून.

सासरे पहिल्या पाळीहून आले होते, चहा घेत बसले होते. ते थोडा वेळ बघत राहिले. मग उठले, स्वतःच्या नाकावरचा चष्मा काढला आणि मावशींच्या नाकावर चढवला.

मावशींनी पाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत पाटीकडे.

“आगो बाय,” त्या हळूच म्हणाल्या. “ह्या मुंग्या चालत व्हत्या आतापतूर. बसल्या की गप!”

आणि त्यांनी बोट ठेवून, एकेक अक्षर उचलत, माझ्यासमोर तो शब्द वाचला. वि. श्वा. स.

मला जमिनीनं गिळावं असं वाटलं. दोन महिने मी एका न दिसणाऱ्या बाईला लक्ष नसल्याबद्दल बोलत होते, आणि ती दर आठवड्याला तासभर चालत येऊन ते ऐकून घेत होती. “मावशी, मला माफ करा,” मी म्हटलं, पण त्यांना वेळच नव्हता. त्या चष्मा लावून कॅलेंडर वाचत होत्या, आगपेटी वाचत होत्या, चहाच्या पुड्यावरचा मोठा ‘च’ सापडल्यावर टाळी वाजवत होत्या. मामांना पायरीवरून आत ओढून आणलं आणि चष्म्यातून त्यांच्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाल्या, “किती म्हातारा झालास रं!” सासरे हसत म्हणाले, “माझा चष्मा परत द्या, नाहीतर उद्या लेथवर बोट जाईल.” दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्यानं सायकलवरून मळ्यावर जाऊन मावशींना चष्म्याच्या दुकानात नेलं. काळ्या जाड काड्यांचा चष्मा त्यांनी निवडला. त्या लुगड्यावर तो चष्मा लावून त्या आल्या तेव्हा आमच्या गल्लीतली पोरं त्यांना शाळेतल्या शिक्षिकेसारखं ‘बाई’ म्हणू लागली, आणि त्यांनी ते अगदी हक्कानं मान्य केलं.

द्राक्षांचा हंगाम संपला, मावशी पाड्यावर परतल्या. जाताना माझ्याकडून शास्त्राची एक मोठ्या टाइपाची प्रत घेऊन गेल्या. निम्मं अजून येत नव्हतं. “भात काढून येते,” म्हणाल्या.

त्या पावसाळ्यात माझं पहिलं मूल पोटातच गेलं. पाचवा महिना होता.

त्याबद्दल मला फार लिहायचं नाही. एवढंच सांगते की मी प्रार्थना करायची थांबले. गुरुवारी बाहेर सतरंजी अंथरली जायची आणि मी स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून उभी राहायचे. वाचन दुसरं कुणीतरी करू लागलं. लोक चांगले होते. येऊन पाठीवरून हात फिरवायचे, प्रभूची इच्छा म्हणायचे. त्या शब्दांनी माझ्या आत काहीतरी घट्ट मिटत जायचं. सासूबाईंनी मात्र एकदाही मला बाहेर बोलावलं नाही. फक्त स्वयंपाकघराचा दिवा लावून जायच्या.

दिवाळी झाली आणि एका गुरुवारी मावशी आल्या. डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं, नाकावर चष्मा. बाहेर सासूबाईंनी त्यांना काय सांगितलं माहीत नाही. त्या तडक स्वयंपाकघरात आल्या, गाठोडं टेकवलं आणि जमिनीवर मांडी घालून बसल्या. मी पाटी आणायला वळले.

“आज नको शिकवू,” त्या म्हणाल्या. “आज मी वाचते. तू ऐक.”

त्यांनी पिशवीतून ती मोठ्या टाइपाची प्रत काढली. पानांचे कोपरे पिवळे झाले होते, हळदीचे डाग होते. बोट ठेवलं आणि वाचायला लागल्या. वाचन म्हणजे काय, एका ओळीला भाकरी थापून व्हावी इतका वेळ. अडखळायच्या, मागं जायच्या, जोडाक्षरापाशी थांबून त्याच्याकडे रागानं बघायच्या, आणि मग ते फोडून पुढं निघायच्या. तुरुंगात बेड्या घालून ठेवलेले दोघं गाणी म्हणू लागतात, तो भाग होता. मी तो फाडफाड वाचला असता तर एका मिनिटात संपला असता. मावशींना अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात मला कळलं की त्या दोघांच्या पाठीवर आधी फटके पडलेले होते. वाचलं होतं मी ते, पण थांबले कधीच नव्हते तिथं.

“कुठं शिकलात एवढं?” मी विचारलं.

“खताच्या गोनीवर. शाळेच्या भिंतीवर. यष्टीच्या पाटीवर. एका यष्टीची पाटी वाचता वाचता ती निघूनच गेली.”

मी हसले. कित्येक महिन्यांनी हसले असेन. आणि मग रडू लागले, तेही कित्येक महिन्यांनी. मावशींनी मला कुशीत घेतलं. त्यांच्या लुगड्याला धुराचा आणि नव्या तांदळाचा वास होता.

“माझी दोन गेली,” त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. “एक तापाच्या साथीत. एक त्याच्या आधी, तुझ्यासारखंच.”

“मग तुम्ही कशा टिकलात?”

“टिकायचं काय येगळं असतं का? सकाळी उठले. भात लावला. रुसले बी.”

“देवावर?”

“मंग कोनावर? जवळच्यावरच रुसतं मानूस. परक्यावर कोन रुसतं?”

त्या दिवशी मी बाहेर जाऊन सतरंजीवर बसले. सगळे मोठमोठ्यानं प्रार्थना करत होते, आणि त्या गोंधळात कुणाला ऐकू जाणार नाही याची खात्री असल्यानं मीही माझं जे काही म्हणायचं होतं ते म्हणून घेतलं. तक्रारच होती ती बहुतेक. पण रुसवा का होईना, बोलणं पुन्हा सुरू झालं होतं.

पुढच्या वर्षी मावशींनी आम्हाला पाड्यावर बोलावलं. नाताळानंतरचे दिवस होते, दोघं मळ्यावरून चार दिवस घरी गेले होते. सासूबाई, सासरे, आम्ही दोघं आणि गटातले आणखी काही जण एसटीनं निघालो. पेठच्या रस्त्यावर उतरून पुढं दीड तास डोंगर उतरून चाललो. कापलेल्या भातखाचरांच्या बांधावरून जाताना समोरून मामा येताना दिसले. नवी टोपी, नवा सदरा. आम्हाला घ्यायला आले असतील असं वाटलं. पण ते आमच्या बाजूनं पुढं निघाले.

“मामा, कुठं निघालात?”

“वरच्या पाड्यावर. तिथल्यांना सांगाया. बायको वाचनार हाय म्हनावं, ऐकाया चला.”

मावशींच्या अंगणात शेण सारवलेलं होतं आणि माणसं दाटून बसली होती. बहुतेक सगळे तेच, जे अकरा-बारा वर्षं हसत आले होते. मावशी मध्ये पाटावर बसल्या. चष्मा सारखा घसरत होता. वाचायला सुरुवात केली. एक म्हातारे गृहस्थ पहिल्या ओळीनंतर म्हणाले, “हिला पाठ असंल.” मावशींनी त्यांच्याकडे बघितलं, पुस्तक त्यांच्यापुढं धरलं आणि म्हणाल्या, “घे, कुठं बी बोट ठेव.” म्हाताऱ्यांनी डोळे मिटून बोट ठेवलं. मावशींनी तिथून वाचलं. मग दुसऱ्यानं बोट ठेवलं. मग तिसऱ्यानं. तो एक खेळच झाला. तिथल्या पोरासोरांनी बोटं ठेवून ठेवून पानं काळी केली, आणि मावशी चिकाटीनं, अडखळत, प्रत्येकाचं बोट वाचत राहिल्या. मामा वरच्या पाड्यावरची माणसं घेऊन आले आणि मागं उभं राहून प्रत्येक वाक्यानंतर आजूबाजूला बघायचे, जणू ते त्यांनीच लिहिलंय.

शेवटी शेजारच्या एका तरण्या बाईनं विचारलं, “काकी, मला येईल का?”

“चष्मा लागत नाय ना तुला? मंग माझ्याआधी येईल.”

सगळ्यांनी विश्वास धरला असं झालं नाही. बहुतेकांनी नाहीच. पण पुढच्या पावसाळ्यापासून मावशींच्या ओसरीवर संध्याकाळी चार-पाच बायका पाटी घेऊन बसू लागल्या. त्यांतल्या तिघी प्रार्थनेलाही थांबायच्या, बाकीच्या अक्षरं शिकून घरी जायच्या. मावशी सगळ्यांना सारख्याच प्रेमानं शिकवायच्या आणि सारख्याच प्रेमानं ओरडायच्या. त्या तिघींच्या सहा झाल्या, मग काहींचे नवरे आले. मामा बरीच वर्षं नुसते ऐकत राहिले, आणि एके दिवशी सासऱ्यांना निरोप आला, पाळकांना घेऊन या, मला बाप्तिस्मा घ्यायचाय. पाड्यावर तेव्हा कुणी कुणाला हसलं नाही म्हणे. हसले असते तरी मामांना चाललं असतं.

मला त्यानंतर दोन मुली झाल्या. मी गुरुवारचं वाचन पुन्हा सुरू केलं, पण आता सावकाश वाचते. पहिल्या विश्वासणाऱ्यांविषयी बोलायचं झालं की लोक छळाच्या, बलिदानाच्या मोठ्या गोष्टी सांगतात. त्या खऱ्याच आहेत. पण मला त्यांच्यातले ज्यांच्याविषयी काही लिहिलेलं नाही तेच जास्त दिसतात. कामावरून थकून एखाद्या घरात जमलेले, अक्षर न येणारे, कुणीतरी वाचलेलं पत्र कान देऊन ऐकणारे आणि दुसऱ्या दिवशी दळताना, सूत कातताना, मासे निवडताना ते स्वतःलाच पुन्हा सांगणारे. विश्वास त्यांच्याच हातून आमच्यापर्यंत आला असणार.

दोन हजार पाचच्या सुमाराला मी मुलींना घेऊन पुनरुत्थानाच्या सणाला पाड्यावर गेले. ओसरी आता पुरत नव्हती, अंगणात मांडव घातला होता. मावशी थकल्या होत्या, खांबाला टेकून बसल्या होत्या. वाचन करत होती शाळेत जाणारी त्यांची नात, अगदी फर्डं. पहिली मंडळी रोज एकमेकांच्या घरी कशी आनंदानं जेवायची, तो भाग होता. वाचन संपलं आणि कुणी गाणं सुरू करणार, एवढ्यात मागून एक बाई म्हणाली, “एवढी मानसं रोज एका घरात जेवायची, तर भांडी कोन घासायचं?”

“बायकाच, दुसरं कोन,” कुणीतरी म्हणालं.

“तसं कुठं लिव्हलंय? दाखव.”

नातीनं पानं चाळली. पुरुषांनी आपापली मतं दिली. मामा म्हणाले, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तर त्याच्या मानसांनी भांडी घासायला काय हरकत. त्यावर बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि आज जेवणानंतर मामांनीच सुरुवात करावी असं एकमतानं ठरवलं. मामा म्हणाले, मी मंडळीविषयी बोललो, माझ्याविषयी नाही. मावशी पदर तोंडाला लावून इतक्या हसत होत्या की माझ्या धाकटीनं त्यांना पाणी आणून दिलं. वाद आणखी किती चालला असता कुणास ठाऊक. मागच्या चुलीवरचा भात उतू जाऊन चर्रर्र आवाज आला, आणि सगळी मंडळी एकदम तिकडे धावली.